चौथी मात्रा आखूड आहे

सोमवार, सकाळी सात. उपाशीपोटी यावे. नखांना रंग नको.

सहावी तार म्हणजे सगळ्यात जाड तार.

‘भाऊ जेवतोय’ हे एका रचनेचं नाव आहे. भाऊ खरंच जेवत होता.

खोडरबर तीन. त्यातलं एक चावलेलं.

खालच्या टायरच्या दुकानातला हवेचा पंप अधूनमधून सुस्कारा टाकतो, आणि तोही बेसूर.

“तुझा नवरा आखूड आहे, म्हणून काय तो माणूस नाही?”

चौसष्ट पानं. सुवाच्य. एकही खाडाखोड नाही. आणि एकही ओळ कुणाच्या बापाला वाजवता येत नाही.

आता हे सगळं एका धाग्यात ओवायचं, तर सुरुवात ताईंच्या करंगळीपासून करावी लागेल. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दोन वर्षांपासून तळहाताकडे वळत चाललं होतं. कातडीखाली कुणी दोरी आवळत न्यावी तसं. दुखत काही नव्हतं, त्यामुळे ताईंनी दोन वर्षं कुणाला सांगितलंही नाही. भावाने एकदा चहाचा कप हातात देताना पकडलं, डॉक्टरकडे नेलं, आणि डॉक्टरांनी तारीख दिली. बोटं सरळ होतील म्हणाले. पण ती आधी करत होती ते सगळं करतील का? त्यावर डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, “वय अडुसष्ट ना? बघू.”

“बघू” म्हणजे काय, ते त्या खोलीतल्या तिघांनाही कळलं. तिसऱ्या होत्या मास्तरीणबाई, म्हणजे ताईंच्या भावजय. त्या संगीताच्या शाळेत तीस वर्षं पियानो शिकवत होत्या, आणि मास्तरीणबाई हे नाव ताईंनीच ठेवलं होतं. कौतुकाने नव्हे.

ताईंचं सांगायचं तर त्यांनी बावीस वर्षं प्रवासी जहाजावरच्या वाद्यवृंदात गिटार वाजवली. सहा माणसं, सहा देशांतली, जेवणाच्या दालनात एका कोपऱ्यात. पाहुणे जेवायचे तेव्हा जॅझ, जेवण आटोपून नाचायला उठायचे तेव्हा टँगो, आणि पाहुणे झोपायला गेले की खालच्या मजल्यावर इंजिनवाल्यांच्या खोलीत जो जिथला असेल तिथला ठेका, ताटांवर, चमच्यांवर, पिंपांवर. बावीस वर्षांत हे तिन्ही एकमेकांत इतके मिसळले की वेगळे काढायची सोय उरली नाही. साधी, विजेची तार नसलेली गिटार, नायलॉनच्या सहा तारा, आणि त्यातून टँगोसारखं काहीतरी निघायचं, जे मधेच खांदे उडवून जॅझ व्हायचं आणि तिसऱ्या ओळीला कुठल्यातरी बंदरावर उतरून जायचं. अशा अकरा रचना. नावं तर एकेक, विचारू नका. ‘उशीर’. ‘छत्री कुणाची’. ‘दंतवैद्याकडे’. ‘परत तेच’. कागदावर एकही नाही. टेपवर एकही नाही. सगळ्या ताईंच्या हातात, आणि हात सोमवारी डॉक्टरांच्या ताब्यात जाणार.

“मी लिहून काढते,” मास्तरीणबाई म्हणाल्या. बोलून गेल्या, आणि नंतर पंधरा दिवस त्या एका वाक्याला शिव्या घालत राहिल्या.

*

दुपारी शाळा सुटली की मास्तरीणबाई तिसरा मजला चढून ताईंच्या स्वयंपाकघरात. बैठक ठरलेली. ताई स्टुलावर, डावा पाय रंगाच्या रिकाम्या डब्यावर. मास्तरीणबाई टेबलाशी, कोऱ्या स्वरलेखनाच्या वह्या, चार पेन्सिली, पाठ खिडकीला आणि डोळे कागदात. मास्तरीणबाईंचा कान म्हणजे शाळेत दंतकथा होती. पेला खाली पडला तर तो कुठल्या सुरात फुटला ते सांगायच्या. बघायची त्यांना गरजच पडत नसे.

पहिल्या दिवशी ‘उशीर’ झालं. दुसऱ्या दिवशी ताडून पाहायला परत वाजवायला सांगितलं, तर दुसरंच काही.

“ताई, काल हे असं नव्हतं.”

“काल मंगळवार होता.”

“म्हणजे?”

“म्हणजे आज बुधवार आहे. तुला वारही मीच सांगायचे का?”

मग मास्तरीणबाईंनी फोन टेबलावर ठेवला, ध्वनिमुद्रण सुरू केलं. ताईंनी तीन ओळी वाजवल्या, थांबल्या आणि फोनकडे पाहून म्हणाल्या, “हा माझ्याकडे असा का बघतोय?” वाजवलं तेही सगळं ताठ. बाहेरचा पाहुणा आल्यावर घरातली पोरं बसतात तसं. फोन परत पिशवीत गेला.

शेवटी मास्तरीणबाईंनी मतदान आणलं. प्रत्येक ओळ तीनदा वाजवायची, जी दोनदा सारखी येईल ती लिहायची. तीनही वेगळ्या आल्या तर चौथ्यांदा. ‘छत्री कुणाची’ची सातवी ओळ अकरा वेळा वाजवावी लागली, आणि तेव्हाही निकाल काठावरच लागला.

समासात पेन्सिलीने केलेल्या नोंदी, त्या दिवसांतल्या:

*इथे थांबतात. का, ते विचारलं. “शिंक आली होती.” शिंक लिहायची का?*

*गिटारच्या पोटावर अंगठ्याने टक्. दर वेळी नाही. विचारलं. “मनात आलं तर.”*

*वरचा सूर मुद्दाम किंचित खाली. विचारायचं नाही असं ठरवलं आहे.*

*“हे आनंदी आहे की दुःखी?” उत्तर: “हे दंतवैद्याकडे आहे.”*

*पाणी पिऊन येते.*

आणि मग ‘परत तेच’. हे शेवटचं, सर्वांत नवं आणि सगळ्यांत चांगलं. ते मास्तरीणबाईंनाही मान्य होतं, आणि म्हणूनच जास्त चीड येत होती.

“ताई, हे सात आहे.”

“चार आहे.”

“मी मोजलंय. प्रत्येक मात्रेचे दोन भाग केले तर आठ यायला हवेत. सात येतात. म्हणजे साडेतीन मात्रा.”

“चार. एक, दोन, तीन, चार.” ताईंनी स्टुलाच्या पायावर टाच आपटून दाखवलं. टाच खरंच चारदा आपटली. फक्त चौथी आपटते न आपटते तोच पुढची पहिली येऊन तिच्या अंगावर पडली.

“चौथी अर्धीच आहे!”

“आखूड आहे. आखूड आहे म्हणून काय मात्रा नाही? तुझा नवरा आखूड आहे, म्हणून काय तो माणूस नाही?”

आखूड नवरा, म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ, त्याच वेळी दारात सामानाच्या पिशव्या घेऊन उभा होता. “मला मधे घेऊ नका,” तो म्हणाला, पिशव्या ठेवल्या आणि आल्या पावली उतरून गेला. बत्तीस वर्षांच्या संसारात त्याने एवढी एक गोष्ट पक्की शिकून घेतली होती.

मास्तरीणबाईंनी सात लिहिलं. ताईंनी ते पाहिलं आणि रागाने गिटार पेटीत घातली. दुसऱ्या दिवशी स्वतःच पुन्हा बाहेर काढली.

*

गुरुवारी चौसष्ट पानं तयार झाली. अकराच्या अकरा. मास्तरीणबाईंनी ती नव्या फाइलमध्ये लावली, शाळेत नेली आणि गिटारच्या सरांसमोर ठेवली. सर चाळिशीचे, उंच, बोटं लांबसडक, वाचन पक्कं. मुलांच्या परीक्षा चालू होत्या, त्यातून त्यांनी वीस मिनिटं काढली.

“बाई, लिहिलंय सुंदर,” सर पानं उलटत म्हणाले.

“ते मला माहीत आहे. वाजवा.”

सरांनी पहिली ओळ लावली. दुसऱ्या ओळीवर कपाळाला आठी. चौथ्या ओळीवर त्यांचा डावा हात गिटारच्या मानेवर असा काही ताणला गेला की मास्तरीणबाईंनी नजर वळवली. सरांनी हात सोडला, झटकला आणि बोटांवर फुंकर घातली.

“इथे एक बोट पहिल्या पट्टीवर हवं आणि दुसरं दहाव्या. त्याच वेळी.” मानेवरच्या आडव्या पट्ट्यांवर त्यांनी दोन ठिकाणं दाखवली. दोन्हींमध्ये वीत होती, वर चार बोटं.

“मग ताई कशा वाजवतात? त्यांचा हात तर तुमच्या निम्मा आहे.”

“ते मला काय माहीत? आणि हा बघा, हा खालचा सूर.” सरांनी पेन्सिलीचं टोक कागदावर ठेवलं. “हा सूर गिटारवर नाहीच.”

“नाही म्हणजे?”

“म्हणजे गिटारची सगळ्यात जाड तार याच्या वर दोन पायऱ्यांवर थांबते. याच्याखाली फक्त लाकूड.”

“मी ऐकलाय तो सूर.” मास्तरीणबाईंचा आवाज चढला. “माझ्या कानांनी ऐकलाय!”

“ऐकला असेल हो. पण मग…” सर थांबले. सावकाश म्हणाले, “बाई, ताई वाजवायच्या आधी खुंट्या फिरवतात का?”

मास्तरीणबाईंनी पंधरा दिवस आठवून पाहिले. खुंट्यांचा कुरकुर आवाज. तो आला की आपण पेन्सिलीला टोक करायला घ्यायचो.

“सूर लावतात,” त्या म्हणाल्या.

“कुठला लावतात?”

बारा मिनिटांचा रस्ता मास्तरीणबाईंनी सात मिनिटांत कापला. वाटेत एका सायकलवाल्याला झापलं, त्याची काही चूक नसताना. तीन जिने एका दमात चढल्या. ताई सूप पीत होत्या.

“तुम्ही तारा उतरवता?”

“हो.”

“कुठल्या?”

“जी उतरवावीशी वाटेल ती. ‘उशीर’ला सहावी. ‘दंतवैद्या’ला सहावी आणि पाचवी. ‘भाऊ जेवतोय’ला तिसरी चढवते. माझा हात लहान आहे गं, मी कुठे ताणत बसू? तारांनाच सांगते, तुम्ही या.”

“आणि हे मला सांगितलं का नाहीत?”

“तुझ्यासमोरच तर फिरवत होते.”

“मला वाटलं सूर लावताय!”

“लावतच होते. पंधरा दिवस समोर बसलीस, मास्तरीणबाई, एकदा मान वर करून बघितलंस?” ताईंनी पावाचा तुकडा सुपात बुडवला. “मला वाटलं, तुला कळत असेल. एवढी शिकलेली.”

मास्तरीणबाई खुर्चीत बसल्या. फाइल मांडीवर. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण नुसतीच चिडचिड होत होती, आणि ती कुणावर काढावी हे ठरत नव्हतं. सूर चोख, लांबी चोख, सगळं चोख. एक गिटार सोडून दुसऱ्या कशावरही वाजेल. हात कुठे होता हेच लिहिलेलं नव्हतं, आणि हात आता चारच दिवस होता.

*

शुक्रवार.

स्वरांच्या खाली सहा आडव्या रेघा, म्हणजे सहा तारा. रेघेवर आकडा, म्हणजे कितव्या पट्टीवर बोट. गिटार शिकणारी मुलं असं लिहितात. या पद्धतीला मास्तरीणबाई इतकी वर्षं ‘आकड्यांची भाजी’ म्हणत आल्या होत्या. सुट्टी काढून त्या सकाळीच आल्या आणि भाजी निवडायला बसल्या.

“सावकाश वाजवा, ताई. एकेक बोट. मी लिहिते.”

ताईंनी सावकाश वाजवलं. चार सुरांनंतर हात थांबला.

“पुढे?”

“पुढे येत नाही.”

“आत्ता तर वाजवलंत!”

“ते जोरात. सावकाश हाताला आठवत नाही. तू जिना उतरताना कुठला पाय कधी टाकतेस ते सांगू शकतेस? विचार करायला लाग, तोंडावर पडशील.”

व्हिडिओ घेऊन पाहिला. फोन दिसल्याबरोबर हात सभ्य झाला. टक् नाही, ओढ नाही, खांदे उडवणं नाही, फोटोसाठी उभं राहिल्यासारखं सरळसोट. शिवाय अर्ध्या ठिकाणी तळहाताने बोटंच झाकलेली. मास्तरीणबाईंनी तो व्हिडिओ तिथल्या तिथे पुसला.

दुपारी दोन वाजेपर्यंत दीड पान. चौसष्टपैकी दीड.

तेव्हा मास्तरीणबाईंनी एक गोष्ट केली. विचार करून नव्हे, वैतागून. ताईंच्या हातातली गिटार काढून घेतली, रंगाच्या डब्यावर पाय ठेवला आणि म्हणाल्या, “खुंट्या मी सांगते तशा नाही, तुम्ही लावता तशा लावून द्या. आणि आता मी वाजवते.”

“तू?” ताई हसल्या. “तुला गिटार धरताही येत नाही. बाळ धरल्यासारखी धरलीस.”

“हसा. मी इथे बोट ठेवते, हा सूर येतो.”

“शी! तिथे नाही!”

“मग कुठे?”

“चौथ्या तारेवर! मधलं बोट! आणि अंगठा मागून काढ, तो काय तिथे झोपलाय?”

मास्तरीणबाईंनी लिहिलं. चौथी तार, मधलं बोट.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

ताईंना बरोबर काय ते सांगता येत नव्हतं. पण चूक दिसली की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि त्या तिळपापडात सगळं बाहेर पडायचं. तार, पट्टी, बोट, बोटाची वृत्ती, बोटाचं खानदान. मास्तरीणबाईंनी फक्त चुकत राहायचं होतं. तीस वर्षं मुलांच्या चुका काढलेल्या बाईला हे काम किती अवघड गेलं असेल, त्याची कल्पना करा. पहिल्या तासाला तर त्या चुकूनसुद्धा बरोबर जात होत्या, आणि मग ताई गप्प, आणि पान कोरं.

“चूक ना जरा नीट!” ताई ओरडल्या.

“चुकतेच आहे!”

“कुठे? हे बरोबर होतं! नको तिथे हुशारी!”

संध्याकाळपर्यंत अकरा पानं झाली.

*

शनिवार. एकामागून एक, थांबायला वेळ नव्हता, म्हणून इथेही थांबत नाही: “पाचवी तार, पाचवी, ही चौथी, तुला पाचापर्यंत मोजता येत नाही आणि मला सात शिकवतेस” “ओरडू नका कानाशी” “मग नीट चूक” “बोट दुखतंय” “दाखव, हे काय, नुसती लाल झालीत, मला पहिल्या वर्षी रक्त आलं होतं” “कौतुक आहे” “खाली दाब, खाली, पट्टीच्या मागे, पट्टीवर नव्हे, तू पियानो वाजवत नाहीयेस, इथे बोट उचललं की सूर मेला” “पियानोवरसुद्धा मरतो” “तिथे हातोडी मारते, इथे तू मारतेस” “अहो, चहा ठेवा” हे दारात आलेल्या नवऱ्याला, “आणि साखर कमी” हे ताईंचं, “आणि इकडे तिकडे बघत उभा राहू नकोस, बायको शिकतेय, तुझी बायको गिटार शिकतेय, बघ आयुष्यात काय काय बघावं लागतं” आणि खाली पंपाचा सुस्कारा आणि ‘दंतवैद्याकडे’ संपलं आणि ‘छत्री कुणाची’ संपलं आणि मास्तरीणबाईंच्या डाव्या हाताच्या चार बोटांवर तारांच्या चार बारीक घळ्या उमटल्या, ज्यांच्यावर त्या दर पाच मिनिटांनी फुंकर घालत होत्या आणि दर पाच मिनिटांनी म्हणत होत्या की हे सगळं एका माणसाने खुंट्यांबद्दल चार शब्द उच्चारले नाहीत म्हणून.

*

रविवार, दुपार. दहा झाल्या होत्या. राहिलं ‘परत तेच’.

मास्तरीणबाई वाजवायला लागल्या. एक, दोन, तीन आणि ती आखूड चौथी. तिथे करंगळीने बाराव्या पट्टीच्या आसपास कुठेतरी पोचायला हवं होतं, असं त्यांच्या कानाने सांगितलं. सुरावट तिकडेच चालली होती. त्यांनी करंगळी ताणली, सूर वाजला, चौथी मात्रा पूर्ण भरली.

ताई ओरडल्या नाहीत.

मास्तरीणबाईंनी परत वाजवलं. परत तोच सूर, तीच भरलेली मात्रा. ताई खिडकीकडे बघत होत्या.

“ताई, मी चुकतेय.”

“हं.”

“मग ओरडा ना! इथे तुम्ही हा सूर घेत नाही. मी पंधरा दिवस ऐकलंय. इथे तुमचा सूर येतच नाही, तुम्ही अर्ध्यातून पुढे जाता.”

“आधी घ्यायचे,” ताई म्हणाल्या. “दोन वर्षांपूर्वी.”

मास्तरीणबाईंचा हात तारांवर तसाच राहिला.

“तेव्हा चार होतं. सरळ चार. मग करंगळी उशिरा यायला लागली. आज थोडी, उद्या थोडी. तिची वाट बघायची म्हणजे सगळा ठेका दारात उभा. मी म्हटलं, नाही येत तर नको येऊस. तिच्याशिवाय पुढे निघाले.” ताईंनी डावा हात मांडीवर पालथा घातला. “म्हणून आखूड आहे. पण मात्रा चारच आहेत.”

यावर कुणी दुसरं असतं तर डोळ्यांत पाणी आलं असतं. मास्तरीणबाईंना आली ती चीड. दोन वर्षं ही बाई वाकड्या बोटाने वाजवते, कुणाला सांगत नाही, आणि वर त्यातून एवढं चांगलं काहीतरी काढते की तीस वर्षं शिकवलेला माणूस बसून साडेतीनच्या नोंदी करतो!

“आता काय लिहू मी?” त्या जवळजवळ किंचाळल्या. “चार लिहू का सात? तुमचं बोट लिहू का तुमचं दुखणं लिहू? सांगा तरी एकदा! पंधरा दिवसांत एक गोष्ट तरी सरळ सांगा!”

“तुला कुठलं बरं वाटतं?”

“मला काय विचारता? रचना तुमची!”

“हात तर तुझा आहे आत्ता.”

मास्तरीणबाईंनी गिटार सावरली. दोन्ही वाजवून पाहिलं. आधी भरलेली चौथी. छान होती, रुंद, सुखवस्तू, एखादा टँगो पाय लांब टाकून वळावा तशी. मग आखूड. पहिलीच्या अंगावर पडणारी, घाईची, धाप लागलेली. तिथे पोचल्यावर पोटात काहीतरी रिकामं व्हायचं आणि पुढची मात्रा ते झेलायची. पुन्हा भरलेली. पुन्हा आखूड. सहा-सात वेळा. खाली पंप सुस्कारला. नवरा चहाचे कप ठेवून गेला, ते निवले.

“आखूड,” त्या शेवटी म्हणाल्या. रागानेच. “आखूड लिहिते. त्या दुसऱ्यात काही नाही. ते कुणीही करेल.”

“मला तेच वाटलं होतं.”

“वाटलं होतं तर बोलायचं!”

“तू चार म्हणून लिहिशील का?”

“नाही. सात.”

“मास्तरीणबाई.”

“साताच्या आकड्याशिवाय कुणालाही वाजवता येणार नाही. तुम्हाला काय वाटतं, वाचणाऱ्याच्या घरी जाऊन तुम्ही टाच आपटून दाखवणार आहात?”

बराच वेळ वाद झाला. शेवटी पानाच्या डोक्यावर सात लिहिलं गेलं, आणि त्याच्या खाली, शिक्षकी अक्षरात, ओठ घट्ट मिटून लिहिलेली एक ओळ: *रचनाकाराच्या मते या चार मात्रा असून चौथी आखूड आहे.* ताईंनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. ‘मते’ या शब्दावर बोट ठेवलं. मास्तरीणबाई म्हणाल्या, “तो शब्द राहील.” राहिला.

मग मास्तरीणबाईंनी ‘परत तेच’ कागदावर बघून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं. संथ, खरखरीत, तीन ठिकाणी तार नुसतीच थडथडली, एकदा बोट घसरलं. ताई मधे चारदा ओरडल्या. पण ते ‘परत तेच’च होतं, आणि ते दुसऱ्या कुणाच्यातरी हातातून येत होतं. ताईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, “अंगठा अजून झोपलेलाच आहे.”

“पुरे आता,” मास्तरीणबाई म्हणाल्या. गिटार पेटीत ठेवली. पानं फाइलमध्ये लावली. आता ती एकशे सात झाली होती आणि सुवाच्य राहिली नव्हती. मग ताईंच्या कपाटातून दोन गाऊन, टॉवेल, दात घासायचा ब्रश असं काढून पिशवीत कोंबलं, प्रत्येक वस्तू जणू तिनेच काही गुन्हा केल्यासारखी.

“पहाटे सहाला गाडी खाली उभी असेल. काही खायचं नाही. पाणीसुद्धा नाही. ऐकताय ना?”

“ऐकतेय.”

“नेहमीसारखं ‘ऐकतेय’ नको. खरं.”

“अगं, ऐकतेय,” ताई म्हणाल्या, आणि फाइल स्वतःकडे ओढून ‘भाऊ जेवतोय’मधल्या चुका शोधायला लागल्या.

शुक्रवारी सकाळी सव्वानऊला, मास्तरीणबाई जिना चढत होत्या तेव्हा, हॉस्पिटलमधून फोन आला होता: डॉक्टर रजेवर आहेत, शस्त्रक्रिया सहा आठवडे पुढे ढकलली आहे. तो फोन ताईंनी स्वतः घेतला आणि “बरं” म्हणून ठेवला.